दोन गुण वजा

अख्खी गाडी मी काढत नाही.
अख्ख्या गाडीचा फोटो सगळेच काढतात,
शेजारी बायकोला उभं करून,
पोट आत ओढून.
मला हवी असते बिजागरी,
पेट्रोलच्या झाकणाची साखळी,
'ओपेल'मधल्या ओच्या पोटात साठून
चुन्यासारखं वाळलेलं पॉलिश.

कार्मेलोला नदीकाठी, निलगिरीच्या झाडांखाली,
रविवारी सकाळी साठ-सत्तर म्हाताऱ्या गाड्या
तोंडं धुऊन बसलेल्या.
बॉनेटं उघडी,
जशी डॉक्टरनं 'आ' करायला सांगितलंय.
मालकांच्या काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.
चोखत चोखत एकमेकांच्या इंजिनांत डोकावतात
आणि सोयरिकीला आल्यासारखे विचारतात :
रंग मूळचाच ना?
घराण्यात कुणाला गंज?

क्रोमचं एक दुखणं असतं.
बंपर काढावा तर त्यात मी,
हेडलाइट काढावा तर त्यात मी,
फुगलेली, नाक पुढे, मागे वाकलेलं आभाळ.
स्वतःला चौकटीबाहेर ठेवायला
दहा वर्षं लागली मला.
आता गुडघे टेकते, तिरकी होते,
काळा स्कार्फ आडवा धरते,
वारा पडला की बटण दाबते.

अकराच्या सुमारास इराओलांची हडसन.
अठ्ठेचाळीसची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी.
परीक्षक बेरेत्ता डोळ्यांत तेल घालून
एकेक स्क्रू बघत आले,
मागच्या दारापाशी त्यांचं पेन थांबलं.
हात टेकायच्या जागी, चामड्यात,
छोटी छोटी अर्धवर्तुळं, एकात एक अडकलेली.
"उंदीर?"
"नाही," होमेरो इराओला म्हणाला, "मी."
बेरेत्तांनी लिहिलं : वजा दोन.
आणि पुढच्या स्टुडबेकरकडे गेले.

मी जवळची लेन्स चढवली.
वरचे चार, खालचे चार.
एक खूण खोल, एक जरा कलती,
मधे कुठेतरी फट.

तो भोपळ्यात पाणी ओतत बोलत राहिला,
माझ्याकडे न बघता.
पंच्याहत्तर साल. रस्त्यात सैनिकांनी थांबवलं.
बाबांना म्हणाले, दोन मिनिटं, कागद बघायचेत.
मी मागच्या सीटवर. सहा वर्षांचा.
आई म्हणाली, रडायचं नाही.
मग काय करणार, चावत बसलो.
अंधार पडला तशी आई स्टिअरिंगकडे सरकली.
तिला गाडी येत नव्हती.
सत्तावीस किलोमीटर,
सगळे पहिल्या गिअरमध्ये.
इंजिन असं रडत होतं
की मला रडायची गरजच पडली नाही.

मी फोकस हलवत होते, केसाएवढा.
विचारायचं नव्हतं. विचारलं.
"आले का?"
"आले की.
मी त्यांना हेच दाखवलं आधी.
त्यांनी मला तोंड उघडायला लावलं,
वाकून ताडून पाहिलं.
जुळेना.
तोवर दुधाचे सगळे पडून
नवे आले होते."

मातेची नळी तळाशी गुरगुरली.
नदीकडून वारा आला, एक फोटो हलला.
दुसरा घेतला.

दुपारी गावातून फेरी निघायची,
तर हडसन सुरूच होईना.
होमेरोनं स्टिअरिंगची माफी मागितली,
मग तिच्या आईची आठवण काढली, मग पुन्हा माफी.
धक्का मारायला चौघे जमले.
पाचवे बेरेत्ता, पेन खिशात, बाह्या वर.
सहावी मी.
"पहिल्यात नको!" बेरेत्ता मागून ओरडले,
"दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात!"
पलीकडून टोर्ता तळणाऱ्या बाई ओरडल्या, तेच.
एक झटका, एक ढेकर, निळा धूर,
आणि ती सुटली
पुलाच्या दिशेनं, अख्खीच्या अख्खी.

त्याचा फोटो नाही माझ्याकडे.
दोन्ही हात गाडीला होते.